लेस्टर की लायसेस्टर? बाबांचा लेख अडलाय

गौरी_प
नमस्कार मंडळी,
प्रश्न छोटा आहे, पण आमच्या घरात त्यावरून चार दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त 'मीठ दे' आणि 'पुरे' एवढंच बोललं जातंय.

माझे बाबा, वय ७६, निवृत्त पोस्टमास्तर. मागच्या वर्षी ताईकडे इंग्लंडला सहा महिने राहून आले. ताई राहते त्या गावाचं स्पेलिंग एल-ई-आय-सी-ई-एस-टी-ई-आर. परत आल्यावर त्यांनी कॉलनीच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला. तो आता बावीस पाठकोऱ्या पानांचा झालाय आणि टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गावाचं नाव त्यात ४३ वेळा आलंय, मी मोजलं. सगळीकडे 'लायसेस्टर'.

मी म्हटलं, बाबा, तिथले लोक लेस्टर म्हणतात, तुम्ही स्वतः सहा महिने ऐकलंत. तर म्हणाले, "ऐकलं की. पण मी अडतीस वर्षं पोस्टात काढली. पत्त्यावर लिहिलंय ते वाचायचं, मनाने अक्षरं गाळायची नाहीत. सी-ई काय शोभेला घातलंय?" ताईला फोन लावून दिला. ती म्हणाली लेस्टरच. बाबांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि रेडिओ लावला.

तर मराठीत हे नाव लिहावं कसं? काही नियम आहे, की ज्याला जे सुचेल ते? जरा लवकर सांगा, दहा तारखेला अंक छपाईला जाणार आहे.

टवाळ_तात्या
पहिला!
काकांशी सहमत. विमानाचं तिकीट पूर्ण भरलंय, अक्षरंही पूर्ण वाचणार.

सोअरकाठी
या धाग्यावर यावंच लागलं. चौदा वर्षं याच गावात आहे. (सोअर ही इथली नदी. आपल्याकडे हिला कुणी ओढाच म्हटलं असतं, पण बोलणार कोण?)

लेस्टर. लेस् आणि टर. संपलं.

मी शिकायला आलो तेव्हा लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी ऐटीत 'वन टु लायसेस्टर' म्हणालो. काचेमागच्या बाईंनी कान पुढे केला. मी तेच जरा मोठ्याने म्हणालो. मग लीसेस्टर म्हणून पाहिलं, मग लायचेस्टर. मागे रांग वाढत होती आणि माझी मान खाली जात होती. शेवटी युनिव्हर्सिटीचं पत्र काढून काचेला चिकटवलं. "ओऽ, लेस्टर!" बाईंना जणू जत्रेत हरवलेलं पोर सापडलं. मागे एक गुजराती आजोबा उभे होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "भाई, अडधुं खाई जवानुं." अर्धं खाऊन टाकायचं. याहून सोपा नियम मला नंतर कुणी शिकवला नाही.

आणि खरं सांगू का, अस्सल गाववाले लेस्टरही म्हणत नाहीत. शेवटचा र गिळतात आणि तोंड गोल करून सोडून देतात, कानावर पडतं ते 'लेस्टॉ'सारखं काहीतरी. इथली माणसं सुट्टीला समुद्रावर, स्केग्नेसला जातात. तिथे त्यांना 'चिझिट' असं नाव पडलंय. का, तर दुकानात शिरल्या शिरल्या किंमत विचारतात, 'हाऊ मच इज इट', आणि तोंडातून बाहेर पडतं 'मचिझिट'. म्हणजे अक्षरं खाणं हा इथला जुना धंदा आहे. काकांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.

पेठेतला_एक
थोडा विरोधी सूर लावतो.

तिथले लोक म्हणतात तसंच म्हणायचं, हा नियम आपण कधी पाळला? फ्रेंच माणूस त्याच्या राजधानीला 'पारी' म्हणतो, आपण खुशाल पॅरिस म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. पुण्याला साहेब पूना म्हणत होता, त्याच्या पोटात कधी दुखलं नाही. मग आपणच का त्यांच्या गावातली गिळलेली अक्षरं मोजत बसायचं? डोळ्यांना दिसतं ते लिहावं. मराठी वाचक नकाशा उघडेल तेव्हा त्याला इंग्रजी अक्षरंच दिसणार आहेत, लेस्टर शोधत बसला तर जन्मात सापडणार नाही.

आणि वरच्या सोअरकाठींना एक प्रश्न. गाववाले 'लेस्टॉ' म्हणत असतील तर तुम्ही तरी शेवटी र का लावता? निष्ठा ठेवायची तर पूर्ण ठेवा.

मृदुला_शीव
@पेठेतला_एक, हे बरंय. आमच्या शीवचं सायन झालं, वांद्र्याचं बांद्रा झालं. रिक्षावाल्याला 'शीव' म्हटलं की तो मी दुसऱ्या ग्रहावरून आल्यासारखं बघतो. त्यावर आपण इथेच तीन धागे रक्तबंबाळ केलेत, त्यातला एक तुमचाच होता. आपल्या गावाचं नाव कुणी बिघडवलं तर अस्मिता, आपण दुसऱ्याचं बिघडवलं तर वाचकांची सोय?

पेठेतला_एक
माझा धागा बांद्र्यावर नव्हता, 'लक्ष्मी रोड' म्हणावं की 'लक्ष्मी रस्ता' यावर होता. पण चालू द्या.

अनुनासिक
पेठकरांच्या प्रश्नात दम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी काकांचा मुद्दा: सी-ई शोभेला आहे का? नाही. ती अक्षरं एके काळी उच्चारली जात होती. रोमन लोक छावणीला, गढीला 'कास्त्रा' म्हणायचे. तो शब्द जुन्या इंग्रजीत गेला आणि 'चेआस्टर'सारखा काहीतरी झाला. रोमनांची तटबंदी किंवा तिचे अवशेष जिथे दिसले त्या गावांना हे शेपूट लागलं. पुढे देशाच्या वेगवेगळ्या भागांत ते वेगवेगळं झिजलं. उत्तरेकडे क राहिला: लँकेस्टर, डॉनकास्टर. काही ठिकाणी च राहिला: चेस्टर, मँचेस्टर. आणि मधल्या पट्ट्यात स होऊन तोही पुढच्या स मध्ये विरघळला: लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, बिस्टर. यात फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांचाही हात सांगतात. १०६६ नंतर लिहिणं-वाचणं त्यांच्या ताब्यात गेलं, आणि त्यांच्या जिभेला तो च झेपेना. एक्सेटरमध्ये तर कास्त्रा आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही.

आता पुढचा भाग. रोमनांच्या काळात या गावाचं नाव होतं राते कोरिएल्टॉवोरम, म्हणजे कोरिएल्टॉवी जमातीचं राते. ते नाव रोमनांबरोबरच गेलं. जुन्या इंग्रजीत सापडतं ते 'लिगोरा चेआस्टर'च्या वळणाचं. लिगोर म्हणजे बहुधा तिथल्या नदीकाठचे लोक. विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या देशाची मोजदाद करवली, त्या दफ्तरात हे गाव 'लेडेसेस्ट्रे' म्हणून नोंदलंय. म्हणजे काका, तुमचा लायसेस्टर साडेनऊशे वर्षं उशिरा पोचला. तेव्हा आला असता तर कारकुनाने उठून खुर्ची दिली असती.

आता आपल्याकडे या. प्रतिष्ठानचं पैठण झालं. करहाटकाचं कऱ्हाड, कराड. शूर्पारकाचं सोपारा. स्थानकाचं ठाणे. लिगोरा चेआस्टरचं लेस्टर होणं यापेक्षा काही वेगळं नाही, जीभ सगळीकडे सारखीच आळशी. फरक एवढाच की आपण उच्चार झिजला तसं लिहिणंही बदललं. पैठणला जाणाऱ्या एसटीवर 'प्रतिष्ठान' अशी पाटी लावून कंडक्टरने 'चला पैठण पैठण' असं ओरडावं, अशी इंग्रजांची गत आहे. पाटी जुनी, आरोळी नवी.

म्हणून देवनागरीत लायसेस्टर लिहिणं म्हणजे इंग्रजांची जुनी पाटी आपण आपल्या एसटीला लावणं. आपली लिपी आवाज लिहिते. तिला आवाज द्या.

(शेवटच्या र बद्दल: तो लेस्टरबाहेरच्याही बहुतेक इंग्रजांच्या बोलण्यात नसतो. आपण 'डॉक्टर', 'मास्टर' सगळीकडे लावतो, तो मराठीने स्वतःच्या खर्चाने घातलेला र आहे. राहू द्या.)

कोल्हापुरी_झणका
एसटीचं लई भारी सांगितलासा. आता आमच्या हितं करवीर अशी पाटी आन् कोल्हापूर अशी आरोळी झाली तर आंबाबाईच गोंधळंल.

टवाळ_तात्या
@अनुनासिक, तुम्ही घाईत एक गाव गाळलंत. टी-ओ-डब्ल्यू-सी-ई-एस-टी-ई-आर. उच्चार: टोस्टर. खोटं वाटेल त्याने विचारून बघावं.
टोस्टरहून लेस्टरला जाताना हातात ब्रेड धरायचा, पोचेपर्यंत भाजून तयार.

अनुनासिक
टोस्टर खरं आहे. आणि नियमाला हरताळ फासणारं गावही ऐका: सायरन्सेस्टर. यात सगळी अक्षरं वाचतात! तिथले जुने लोक 'सिसिटर' म्हणायचे, पण मधल्या काळात लोकांनी पाटी वाचून वाचून उच्चारच दुरुस्त करून घेतला. म्हणजे काकांचा पक्ष एका गावात जिंकलेला आहे. काकांना हे सांगू नका.

गौरी_प
उशीर झाला. बाबा मागे उभे राहून वाचत होते. सध्या घरात सायरन्सेस्टरचा जयजयकार चालू आहे.

क्रिकेटवेडा_जळगाव
तुम्ही सगळे भाषेतच अडकलात. हे गाव आम्हाला शिकवलं ग्रेस रोडच्या मैदानाने.

११ जून १९८३, वर्ल्ड कप, भारत वि. झिंबाब्वे. किरमाणीने यष्टींमागे पाच झेल घेतले, आपल्या संदीप पाटीलने ५० केल्या, जिंकलो. मी तेव्हा पाळण्यात, त्यामुळे ही ऐकीव माहिती. पण १९ मे १९९९ मला लख्ख आठवतो. तेच मैदान, तोच झिंबाब्वे, पुन्हा वर्ल्ड कप. सचिन नव्हता. त्याचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर गेल्याची बातमी आली होती आणि तो घरी निघाला होता. आमच्या घरात टीव्ही चालू, पण आवाज कुणी मोठा करेना. शेवटी ओलोंगाने एकाच षटकात तीन बळी घेतले आणि आपण तीन धावांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या पेपरात 'लीसेस्टर येथे' असं छापलेलं. आमचे काका म्हणाले, टीव्हीवर तर लेस्टर म्हणत होते, मग ही दुसरी मॅच कुठली? खरंच पाच मिनिटं घरात आशा पल्लवित झाली होती की कालची मॅच कदाचित हीच नव्हे.

अवांतर: ५१. (हे विषयांतर नव्हे. त्या दिवशी आपण झिंबाब्वेला ५१ अवांतर धावा दिल्या. अजून राग येतो.)

रेवाकाठची
माहेर नाशिक, सासर गुजराती, मुक्काम लेस्टर. सासरच्यांचं गाव म्हणाल तर कंपाला.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. सासूबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या 'युगांडा आर्गस' पेपरात चक्क जाहिरात दिली: आमच्याकडे घरं नाहीत, शाळेत जागा नाहीत, तुमच्या भल्यासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका. सासूबाई सांगतात की त्याआधी त्यांनी हे नाव ऐकलंच नव्हतं. सासऱ्यांच्या घरी ती जाहिरात मोठ्याने वाचली गेली ती 'लीचेस्टर' अशी. मग घरोघरी चर्चा, की एवढं बजावून सांगतायत म्हणजे आपली माणसं तिथे बरीच असणार. आणि आले! ज्या गावाने येऊ नका म्हटलं त्याच गावाचं नाव सगळ्यांना पाठ झालं, फक्त उच्चार येऊन सुधारावा लागला. आता दिवाळीत बेलग्रेव्ह रोडवर दिवे लावायला तीच नगरपालिका पुढे असते.

बेलग्रेव्हवरून आठवलं. साड्या, सोनं, फरसाण, सगळं त्या एका रस्त्यावर, 'गोल्डन माइल' म्हणतात. पण या भागाचं जुनं नाव माहितीये? अनुनासिक यांनी सांगितलेल्या त्याच १०८६ च्या दफ्तरात ते 'मर्डग्रेव्ह' असं आहे. मूळ अर्थ मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका जनावराची राई, असा निरागस. पण नॉर्मनांच्या फ्रेंचमध्ये 'मेर्द' म्हणजे शी. त्यांना काही ते तोंडाने म्हणवेना, म्हणून त्यांनी पुढचं 'मर्ड' काढून 'बेल' लावलं, म्हणजे सुंदर. ही गोष्ट मी सासूबाईंना सोन्याच्या दुकानात सांगितली. त्या म्हणाल्या, "धीमे बोल."

मृदुला_शीव
'धीमे बोल' वर हसून हसून पुरेवाट. धाग्याचं सार्थक झालं.

सोअरकाठी
रेवाकाठची, तुम्ही बेलग्रेव्ह काढलंत तर मी बेल्व्हॉयर काढतो. गावात भर मध्यवस्तीत एक रस्ता आहे, बी-ई-एल-व्ही-ओ-आय-आर स्ट्रीट. हेही फ्रेंचच, 'सुंदर देखावा'. उच्चार सांगा बघू. बीव्हर! त्या दाताळ्या पाणमांजरासारख्या प्राण्याचं नाव आहे ना, तस्सं. मी नवीन असताना एका पोलिसाला 'बेल्व्हॉयर स्ट्रीट' विचारली. तो म्हणाला, अशी काही या गावात नाही. आम्ही दोघं तिच्यावरच उभे होतो.

आणि 'गेट'. चर्चगेट, गॅलोट्रीगेट, हंबरस्टोनगेट... आमची आई आली होती तेव्हा प्रत्येक ठिकाणी वर बघायची, कमान कुठेय म्हणून. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघितलेल्या बाईची तिथे फारच निराशा झाली. कारण इथे गेट म्हणजे दरवाजा नाहीच. डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांची नवव्या-दहाव्या शतकात इथे सत्ता होती, त्यांच्या भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता, त्याचं हे गेट. गॅलोट्रीगेट म्हणजे फाशीच्या झाडाकडे जाणारा रस्ता. सध्या तिथे बुटांची आणि मोबाइलची दुकानं आहेत.

बोळाला इथे 'जिटी' म्हणतात आणि अनोळखी माणसाला 'मी डक'. पहिल्यांदा भाजीवालीने मला बदक म्हटलं तेव्हा मी शर्ट तपासून पाहिला.

विदर्भवीर
यॉर्कवाल्यांचा विषय नाही निघाला अजून? इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा, यॉर्क घराण्यातला, १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत मेला, ह्याच गावात पुरला, मंग पाचशेच्या वर वर्षं कोणाले पत्ता नाही. २०१२ मध्ये सापडला कुठं, तर मोटारीच्या पार्किंगखाली. अन् जवळच डांबरावर 'आर' अक्षर रंगवलेलं होतं! आता लोक म्हणतात राजाचा आर. रिझर्व्ह्डचा असंल बाप्पा.

मंग भांडण लागलं की हाडं यॉर्कले न्यायची का इथंच ठेवायची. कोर्टात गेले. २०१४ मध्ये लेस्टर जिंकलं, २०१५ च्या मार्चमध्ये तिथल्याच कथीड्रलमध्ये पुरलं. आपल्याकडं नावावरून भांडतात, तिकडं हाडावरून.

पेठेतला_एक
@विदर्भवीर, यॉर्कचं नाव निघालं म्हणून सांगतो, तिथे कास्टर नाही, सेस्टर नाही, अक्षर गिळणं नाही. लिहितात यॉर्क, म्हणतात यॉर्क. राजा तिकडे न्यायला हवा होता.

अनुनासिक
यॉर्क? रोमनांचं एबोराकम, इंग्रजांनी एओफोरविक केलं, डेन लोकांनी योर्विक, त्याचं यॉर्क. चार अक्षरी गाव चावून चावून एक अक्षरी केलंय आणि तुम्ही म्हणता गिळलं नाही? त्यांनी हाड शिल्लक ठेवलं नाही म्हणून दिसत नाही एवढंच.

सुगरण_मोड_ऑन
माझा प्रश्न राहूनच गेला. चायनीजच्या रेसिपीत तो सॉस येतो, वॉर्सेस्टरशायर. आजवर मी दुकानात 'तो लांब नावाचा काळा सॉस' म्हणून मागत आले. बरोबर काय?

सोअरकाठी
वुस्टरशर. नाहीतर नुसतं वुस्टर सॉस, इथेही लोक तेवढ्यावरच भागवतात. त्यात मासे असतात बरं का, अँकोव्ही. तुमच्याकडे कुणी कट्टर शाकाहारी असेल तर बाटलीमागचं वाचा.

अनुनासिक
आणि कुणी बंगालच्या लॉर्ड सँडीज नावाच्या गव्हर्नरने ती कृती भारतातून नेली, ही गोष्ट सांगितली तर हसून सोडून द्या. बंगालला त्या नावाचा गव्हर्नर कधी झालाच नाही.

सुगरण_मोड_ऑन
मासे???? चतुर्थीच्या मंचुरियनमध्ये घातलाय मी. हा प्रतिसाद आमच्या सासूबाईंनी वाचू नये.

प्राजक्त_डोंबिवली
उच्चार चुकल्याने काय होतं त्याचा पुरावा देतो. चुलतभाऊ लेस्टरला. सासरेबुवा लंडनमार्गे एकटे येणार होते. भावाने फोनवर सांगितलं, "लेस्टरला या, मी स्टेशनवर आहे." सासरेबुवांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा पाहिला, त्यात अगदी तेच स्पेलिंग दिसलं, मागे नुसतं 'स्क्वेअर' लावलेलं. दीड तासाने फोन: "पोचलो. इथे सिनेमा थिएटरं फार आहेत हो. तू कुठल्या बाजूला उभा आहेस?" भाऊ शंभर मैलांवर उभा होता. तो चौक लेस्टरच्या अर्लच्या वाड्यावरून नाव पडलेला आहे, बाकी गावाशी त्याचा काही संबंध नाही. सासरेबुवांचं म्हणणं आजही असंच, की जावयाने स्पष्ट सांगितलं नाही.

व्याकरणपंत
उच्चार ठरला असं धरून चालतो, आता विभक्तीचं बघा. 'लेस्टरमध्ये' की 'लेस्टरात'? आपण पुण्यात, साताऱ्यात, लंडनात म्हणतो. 'लंडनमध्ये' मला कानाला दूध फाटल्यासारखं लागतं. मग लेस्टरात लिहायला काय हरकत आहे? काकांच्या पिढीला ते अधिक शोभेल.

मृदुला_शीव
पंत, 'लेस्टरात' हे 'पोस्टरात'सारखं वाटतंय.

कोल्हापुरी_झणका
लेस्टरास्नं आलो म्हना की. आन् तिथं सहा म्हैने ऱ्हायले म्हंजे काका लेस्टरकर. आडनावच बदलून टाका.

टवाळ_तात्या
रोमात (म्हणजे नुसता वाचत) होतो. 'लेस्टरकर' ऐकून बाहेर आलो. विष्णुपंत लेस्टरकर, संगीत नाटकातला नट वाटतो.

सोअरकाठी
गौरी, तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, उगाच सगळ्यांनी गावजेवण घातलं. काका पोस्टातले ना? मग त्यांना भाषाशास्त्र सांगू नका. ताईच्या घराचा पोस्टकोड विचारा. त्याची पहिली दोन अक्षरं काय आहेत, एवढंच.

गौरी_प
बाबा वही घेऊन आले. ताईचा पत्ता त्यांच्या अक्षरात, रेघा आखून लिहिलेला. पोस्टकोड 'एल-ई' ने सुरू होतो.

ते मिनिटभर त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लेस्टरचं ले."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "खात्यानेच मंजूर केलंय म्हटल्यावर मी कोण?" आणि मग खात्याच्या गोष्टी सुरू झाल्या. १९८० च्या आसपास ते खेड्यात होते तेव्हा एक पत्र यायचं, पत्त्यात गावाचं नाव दर वेळी निराळं आणि दर वेळी चुकीचं. पोस्टमन बरोबर त्याच म्हातारीच्या दारात नेऊन टाकायचा. "अक्षर चुकलं तरी पोचतं, पण पोस्टमन गावचा हवा." ही गोष्ट त्यांनी मला आधी सांगितली असती तर हा धागाच निघाला नसता.

तर ठरलं. लेस्टर, ४३ ठिकाणी. पंत, विभक्तीत मी हरले, 'लेस्टरात' पाच ठिकाणी राहिलंय. फाइल आज पाठवली. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः अनुनासिक यांचे. बाबांनी पैठणच्या एसटीचा उतारा वहीत उतरवून घेतलाय.

पेठेतला_एक
अभिनंदन. माझं मत तेच आहे. पण पोस्टकोडपुढे मीही नमतो.

गौरी_प
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. अंक आला.

छापखान्यात मजकूर लावणाऱ्या मुलाला 'लेस्टर' ही टायपिंगची चूक वाटली. त्याने चांगल्या मनाने, कुणालाही न विचारता, एका फटक्यात सगळीकडे दुरुस्त केली. लेखाचं शीर्षक आता 'प्लॅस्टरमधले सहा महिने' असं आहे. पहिलं वाक्य: 'मुलीच्या आग्रहामुळे मी मार्चमध्ये प्लॅस्टरात आलो.' पुढे: 'प्लॅस्टरात पाऊस फार, पण माणसं उबदार.' आणि शेवटी, 'प्लॅस्टर सोडताना डोळे भरून आले.'

बाबा सकाळपासून एक अक्षर बोललेले नाहीत. आणि कॉलनीतले लोक एकेक करून फळं घेऊन येतायत.

मृदुला_शीव
गौरी, मी ऑफिसात आहे गं, असं करू नकोस.

टवाळ_तात्या
काकांना सांगा, काढल्यावर खाज सुटते. खोबरेल लावा.